औषध नसलेली गोळी: प्लासिबो आणि नोसिबोबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या पंचवटीत जनरल प्रॅक्टिस करते आणि शहरातल्या एका एथिक्स कमिटीवरही, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवरही आहे. दवाखान्यात लोक विचारतात, "डॉक्टर, खरंच औषध दिलंत ना?" ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, नाव घालायला आलेल्यांचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे आमच्या वडिलांना साखरेची गोळी देणार?" प्रश्न दोन वाटले तरी विषय एकच आहे. लोक ज्या भाषेत विचारतात त्याच भाषेत ते खाली दिले आहेत.

प्लासिबो म्हणजे नेमकं काय?

दिसायला, चवीला, पाकिटाला अगदी औषधासारखं, पण त्या आजारावर काम करणारा घटक आत नसलेलं असं काहीही. गोळीत बहुतेकदा लॅक्टोज किंवा स्टार्च असतं, इंजेक्शनमध्ये मिठाचं पाणी. शस्त्रक्रियेचीही नक्कल करता येते, ते पुढे येईलच. आपल्यावर उपचार झाले ही अपेक्षा, आधीचे अनुभव आणि देणाऱ्याचं वागणं यातून जो आराम पडतो, तो प्लासिबो परिणाम. याच वाटेने त्रास सुरू झाला किंवा वाढला, तर तो नोसिबो.

साध्या गोळीने बरं वाटलं, म्हणजे मला काही झालंच नव्हतं का?

झालं होतं. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला. प्लासिबो घेऊन ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं परत वाढलं. नॅलोक्सोन हे अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं औषध. म्हणजे प्लासिबो घेतल्यावर शरीराने स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडली होती आणि नॅलोक्सोनने ती अडवली. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा नुसत्या प्लासिबोने डोपामिन, म्हणजे या आजारात मेंदूत कमी पडणारं द्रव्य, सुटताना दिसलं.

तेव्हा दुखणं खरं होतं आणि आरामही खरा होता. सुनेला साध्या गोळीने बरं वाटलं, म्हणून ती नाटक करत होती असं ठरवून मोकळ्या होणाऱ्या सासूबाई मला अधूनमधून भेटतात. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मग प्लासिबोने आजार बरा होतो का?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बरं वाटणं आणि बरं होणं यात अंतर असतं, आणि ते किती असू शकतं हे २०११ च्या दम्याच्या एका अभ्यासात स्वच्छ दिसलं. त्याच पेशंटना वेगवेगळ्या दिवशी खरा पंप, प्लासिबो पंप, खोटं ॲक्युपंक्चर किंवा काहीच नाही, असं देऊन पाहिलं. "किती बरं वाटतंय?" असं विचारल्यावर खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५ टक्के आणि खोट्या सुयांनी ४६ टक्के सुधारणा सांगितली गेली. काहीच न देता २१ टक्के. म्हणजे पेशंटच्या तोंडून ऐकलं तर खरा आणि खोटा पंप सारखाच. पण फुंकर मारायच्या यंत्राने मोजलं, तेव्हा खऱ्या पंपाने फुप्फुसाची क्षमता २० टक्के वाढली होती आणि बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्के.

छाती आवळलेली असताना "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसलेला दमेकरी मला भीतीदायक वाटतो. दुखणं, मळमळ, थकवा, झोप, उदासी, पोटाची कुरकुर, म्हणजे जे आपण अनुभवतो, त्यावर प्लासिबोचा जोर चालतो. गाठ, जंतू, रक्तातली साखर यांच्यावर भरवसा ठेवावा असा परिणाम दिसत नाही. टीबीचे जंतू तुमच्या विश्वासाने मरत नाहीत. त्यांना महिनोन्महिने गोळ्याच लागतात.

"३५ टक्के लोक प्लासिबोनेच बरे होतात" असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे?

हा आकडा हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाच्या १९५५ च्या लेखातला. त्याने १५ अभ्यास एकत्र करून तो काढला आणि तो पुढे सत्तर वर्षं फिरतोय. अडचण अशी की, प्लासिबो घेणाऱ्याला बरं वाटलं यात प्लासिबोचाच हात होता हे त्यातून ठरत नाही. सर्दी आपोआप उतरते. पाठदुखी कमी-जास्त होत राहते आणि माणूस दवाखान्यात येतो तो ती सगळ्यात वाईट असताना. तिथून पुढे ती बहुधा उतरणारच. शिवाय आपल्याकडे डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की "बरं आहे" म्हणायची रीत आहे. एवढ्या लांबून आलोय, डॉक्टरांना वाईट नको वाटायला!

म्हणून २००१ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी प्लासिबोची तुलना 'काहीच उपचार नाही' या गटाशी केली. अशा ११४ ट्रायल तपासल्यावर चित्र बरंच मवाळ निघालं. वेदनेसारख्या, पेशंटने स्वतः सांगायच्या तक्रारींवर थोडा परिणाम होता. बाकी ठिकाणी हाती लागण्यासारखं फारसं नव्हतं.

पण ट्रायलमध्ये प्लासिबो द्यायचाच कशाला? नवीन औषध द्या आणि बघा गुण येतो का.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगावं लागत नाही. नवीन बुरशीनाशक आलं की हुशार शेतकरी दोन ओळी फवारणीविना सोडतो. भुरी कमी झाली ती औषधाने की ऊन पडल्याने, हे त्या दोन ओळी सांगतात. ट्रायलमधला प्लासिबो गट म्हणजे त्या ओळी. फरक इतकाच की, वेलीला आपल्यावर फवारा मारलाय हे कळत नाही आणि माणसाला कळतं. म्हणून माणसालाही ते कळू नये अशी सोय करावी लागते. डॉक्टरलाही कळता कामा नये, कारण आपण काय दिलंय हे माहीत असलं की चेहरा बोलतो. दोघांपासून लपवलं की तो डबल ब्लाइंड अभ्यास.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात १७९९ मध्ये संधिवातावर धातूच्या टोकदार कांड्या फिरवायचं वेड पसरलं होतं. बाथ शहरातल्या जॉन हेगार्थ या डॉक्टरने लाकडाच्या कांड्या धातूसारख्या रंगवून त्याच पद्धतीने फिरवल्या. पाचपैकी चार पेशंटना तसाच आराम पडला.

म्हणजे मला साखरेची गोळी देऊन वाऱ्यावर सोडणार?

नाही, आणि सोडत असतील तर सही करू नका. ज्या आजारावर चांगला, सिद्ध झालेला उपचार आहे आणि तो थांबवल्याने गंभीर किंवा कायमचं नुकसान होऊ शकतं, तिथे नुसता प्लासिबो देणं हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या संशोधनासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या नीतिनियमांत, बसत नाही. बहुतेक ट्रायलमध्ये चालू उपचार तसेच ठेवून त्यावर नवीन औषध किंवा प्लासिबो दिला जातो. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत एक कलम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. नेहमीचा उपचार उपलब्ध असून तो न देता प्लासिबो दिला आणि त्यातून इजा झाली, तर भरपाई देणं बंधनकारक आहे.

सहीआधी चार गोष्टी विचारा. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? माझ्या आत्ताच्या गोळ्या चालू राहतील का? तब्येत बिघडली तर कोड, म्हणजे मला औषध मिळतंय की प्लासिबो याची गुप्त नोंद, लगेच उघडणार का, आणि रात्री कोणाला फोन करायचा? ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? ही नोंदणी जून २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन, फुकट बघता येते. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही एक उत्तरच समजा.

आणि प्लासिबो प्रत्येक ट्रायलला लागतोच असं नाही. टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ ची ब्रिटिश ट्रायल वैद्यकशास्त्रात मैलाचा दगड मानतात. औषधाच्या गटाला दिवसातून चार वेळा सुई होती. दुसऱ्या गटाला महिनोन्महिने खोट्या सुया टोचायच्या नाहीत असं ठरलं आणि त्यांना नुसती विश्रांती दिली. एक्स-रे वाचणाऱ्यांना मात्र कोण कुठल्या गटातला हे सांगितलं नव्हतं. तेवढ्यावर काम भागलं.

शस्त्रक्रियेची नक्कल? असं खरंच करतात?

करतात, संमती घेऊनच. २००२ मध्ये ह्यूस्टनला गुडघ्याच्या झिजेच्या १८० पेशंटचे तीन गट केले. दोन गटांची दुर्बिणीतून खरी सफाई झाली. तिसऱ्या गटाला फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला, तरी दुखण्यात आणि चालण्यात तिन्ही गट सारखेच.

अँजिओप्लास्टीबद्दल नेहमी विचारतात, म्हणून जपून सांगते. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासात औषधं नीट चालू असलेल्या, स्थिर अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून श्रमाने छातीत दुखण्याच्या) २०० पेशंटपैकी काहींना स्टेंट घातला आणि काहींवर नुसती नक्कल केली. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत लक्षणीय फरक आला नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच गटाने औषधं बंद ठेवून पुन्हा तुलना केली, तेव्हा मात्र स्टेंटने छातीतलं दुखणं खरोखर कमी झालं. हे सगळं स्थिर अंजायनापुरतं. हार्ट अटॅक आलेल्याला यातलं काहीही लागू नाही. तिथे थेट हॉस्पिटल गाठायचं.

गोळीच्या पाकिटातला कागद वाचला आणि सगळे साइड इफेक्ट मलाच होऊ लागले. असं कसं?

हा नोसिबो, आणि माझ्या मते प्लासिबोपेक्षा याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण याच्यापायी लोक चालू औषधं सोडून देतात.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचं उदाहरण घ्या. "पाय दुखतात" म्हणून त्या सोडणारे माझ्याकडेही पुष्कळ आहेत. लंडनमधल्या सॅमसन अभ्यासात साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या. चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये प्लासिबो, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, क्रम उलटसुलट. रोज त्रासाला १०० पैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि प्लासिबोच्या महिन्यांत १५.४! गोळी घेतल्याने त्रास वाढत होता, यात शंका नाही. पण त्यातला नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही तितकाच होत होता. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवल्यावर साठपैकी निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ स्टॅटिनने स्नायूंना खरी इजा होतच नाही असा नाही. क्वचित होते, आणि लघवी गडद होणं, अंगात प्रचंड अशक्तपणा येणं ही तिची लक्षणं आहेत. तेव्हा गोळी स्वतःहून बंद करू नका आणि त्रास गिळूनही बसू नका. येऊन सांगा.

कोविडच्या लशीनंतर अंग मोडून आलं होतं. तोही नोसिबो?

काही अंशी. बारा ट्रायलच्या एकत्रित आकड्यांत पहिल्या डोसनंतर डोकेदुखी-थकवा अशा तक्रारी लस घेतलेल्या ४६ टक्के लोकांनी सांगितल्या आणि प्लासिबो टोचलेल्या ३५ टक्के लोकांनीही! दुसऱ्या डोसला हेच आकडे ६१ आणि ३२ झाले, म्हणजे तिथे लशीचा स्वतःचा वाटा वाढला.

जनऔषधी केंद्रातली बी.पी.ची गोळी मला लागू पडत नाही. कंपनीचीच हवी.

ऐकायला येणारी तक्रार खोटी नसते, पण कारण नेहमी गोळीतच असतं असं नाही. न्यूझीलंडमध्ये २००७ मध्ये थायरॉईडच्या गोळीचा रंग, आकार आणि भरताडाचे घटक बदलले. मूळ औषध तेच. आधीच्या तीस वर्षांत त्या गोळीबद्दल १४ तक्रारी होत्या. नव्या गोळीनंतर दीड वर्षात त्या १,४०० च्या वर गेल्या. ज्या भागात टीव्हीवर बातम्या जास्त झळकल्या, तिथून तक्रारीही जास्त आल्या.

बी.पी.च्या बाबतीत भांडायची गरजच नाही. मशीन आहे. दोन आठवडे एका वेळेला, बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजा आणि वहीत लिहा. आकडे चढले तर गोळी बदलू. आकडे ठीक आणि फक्त मन खात असेल, तर आपण बसून बोलू.

कॉलनीत मोबाईल टॉवर लागल्यापासून डोकं दुखतंय.

डोकं दुखतंय हे मान्य. पण लहरी आम्हाला जाणवतात असं म्हणणाऱ्या ७२५ लोकांवरचे ३१ ब्लाइंड प्रयोग २००५ मध्ये एकत्र तपासले गेले. यंत्र चालू आहे की बंद, हे त्यांना ओळखता येतं याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. खोट्या लहरींनीही डोकं दुखत होतं.

मग डॉक्टरांनी साइड इफेक्ट सांगूच नयेत का?

सांगायलाच हवेत. पेशंटचा तो हक्क आहे. प्रश्न कसं सांगायचं एवढाच. कॅनडातल्या ॲस्पिरिनच्या एका जुन्या ट्रायलमध्ये तीनपैकी दोन केंद्रांच्या संमतीपत्रात पोटाच्या तक्रारींचा उल्लेख होता, तिसऱ्यात नव्हता. पोटाच्या किरकोळ त्रासामुळे ट्रायल सोडणाऱ्यांचं प्रमाण त्या दोन केंद्रांत सहापट निघालं.

बॉस्टनमध्ये बाळंतपणासाठी पाठीत सुई घेणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना सांगितलं, "आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग." बाकीच्यांना सांगितलं, "ही जागा बधिर करतोय, म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही." दुखण्याचे गुण दहापैकी ५ आणि ३ आले. सुई तीच. आपल्याकडे मात्र सुई हातात घेऊन "जरा दुखेल हं, ओरडायचं नाही" असंच म्हणतात.

मी शक्यतो उलट बाजूने सांगते: "शंभरातल्या पंचाण्णव जणांना या गोळीने पोटाचं काही होत नाही. तुम्हाला झालं तर जेवणानंतर घ्या आणि मला फोन करा." माहिती तीच, लपवलेलं काही नाही.

डॉक्टर, एक बाटली लावा ना. सलाईनशिवाय अंगात ताकद येत नाही.

छाटणीच्या हंगामात हा प्रश्न रोजचा. पेठ-सुरगाण्याहून बागांवर आलेली मजूर मंडळी दिवसभर हात वर करून काम करतात. अंग ठणकतं, आणि उद्या परत बागेत उभं राहायचं असतं. एकजण एकदा आत येऊन थेट खाटेवर आडवा झाला, बाही वर केली आणि म्हणाला, "लावा. काय पैसे होतील ते सांगा." मी बाटली त्याच्या हातात दिली आणि लेबल वाचून दाखवलं. ५०० मिली, त्यात २५ ग्रॅम साखर, साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. रसवंतीतल्या मोठ्या ग्लासात एवढी साखर सहज असते. तो हसला आणि म्हणाला, "मग रसाने का नाही वाटत असं?"

प्रश्न बिनतोड होता. कारण रस पिताना कोणी तासभर खाटेवर झोपवत नाही, पंखा लावत नाही, मध्ये येऊन नाडी बघत नाही. ठणकलेल्या अंगाला ती तासाभराची झोपच बरीच असते. शिवाय सुईचा दबदबा वेगळाच. मायग्रेनच्या ट्रायलमध्ये प्लासिबोच्या गोळीने सुमारे २६ टक्के लोकांना आराम पडला, तर प्लासिबोच्या सुईने ३२ टक्के.

तरीही मी अशी बाटली लावत नाही. शिरेत सुई म्हणजे जंतू शिरायला वाट, हात सुजण्याची शक्यता, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलं असेल, तोंडाने काही टिकत नसेल, तर सलाईन जीव वाचवतं. तिथे ते औषध आहे. त्या माणसाला मी ओआरएस आणि दुखण्याची साधी गोळी दिली आणि त्याच खाटेवर अर्धा तास पडून राहू दिलं. सगळेच ऐकतात असं नाही. काही जण पुढच्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून घेतात, हेही मला माहीत आहे.

अमक्या डॉक्टरांचा हातगुण चांगला आहे म्हणतात. ते हेच का?

बऱ्याच अंशी. ऐकून घेणं, तपासताना हात लावणं, "तीन दिवसांत उतार पडेल, नाही पडला तर हे करू" असं ठामपणे सांगणं, याने खऱ्या औषधाचाही परिणाम वाढतो. इटलीत तूरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी ऑपरेशननंतरचं वेदनाशामक काहींना समोर सांगून दिलं आणि काहींना न कळत यंत्राने सोडलं. सांगून दिलेलं जास्त लागू पडलं.

डॉक्टर गुपचूप प्लासिबो देतात का?

साखरेची गोळी क्वचितच. पण गरज नसलेलं काहीतरी देणं सर्रास चालतं. ब्रिटनमधल्या २०१३ च्या पाहणीत ९७ टक्के फॅमिली डॉक्टरांनी असं कधी ना कधी केल्याचं सांगितलं. आपल्याकडचं लाल इंजेक्शन म्हणजे बहुधा बी-१२. त्याची कमतरता असेल तर उत्तम, नसेल तर त्या लाल रंगाचाच काय तो दरारा. त्यावर फार रागावत नाही मी. व्हायरल तापाला अँटिबायोटिक देणं मात्र अक्षम्य वाटतं, कारण त्याची किंमत पुढे सगळ्यांनाच मोजावी लागते.

प्लासिबो आहे असं सांगून दिला तर तो चालतो का?

आश्चर्य वाटेल, पण काही तक्रारींत चालतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी आयबीएस, म्हणजे पोटाच्या जुनाट कुरकुरीच्या ८० पेशंटपैकी काहींना स्पष्ट सांगून प्लासिबो दिला. बाटलीवर तसं लिहिलंही होतं. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम होता. गोळी न दिलेल्या गटात ३५ टक्के. अभ्यास छोटा, काळ थोडा, आणि गोळी न मिळालेले हिरमुसले असणार हेही धरायला हवं. मी अजून चिठ्ठीवर 'प्लासिबो' लिहीत नाही.

आयुर्वेद आणि होमिओपॅथी म्हणजे प्लासिबोच का?

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली या सगळ्या शाखा एकत्र नांदतात, त्यामुळे नाशिकमध्ये हा प्रश्न सांभाळून विचारतात. दोघांना एकाच तराजूत घालू नका. आयुर्वेदाच्या औषधांत प्रत्यक्ष द्रव्यं असतात. ती काम करू शकतात आणि अपायही करू शकतात. प्रत्येक औषध वेगळं तपासावं लागतं. होमिओपॅथीच्या ३० पोटन्सीत मूळ पदार्थ शंभरात एक असा तीस वेळा पातळ केलेला असतो. बाराव्या वेळेनंतरच त्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात मिळाला नाही.

तान्ह्या बाळाला किंवा गाईला कुठे अपेक्षा असते? तरी त्यांना गुण येतोच की.

आजार आपोआप उतरतो हे पहिलं कारण. दुसरं, बाळ बरं आहे हे सांगते आई आणि गाय बरी आहे हे सांगतो मालक. औषध दिल्यावर अपेक्षा त्यांच्या मनात असते.

ट्रायल संपल्यावर मला काय मिळालं होतं ते कळतं का?

विचारलं तर बहुधा कळतं, पण लगेच नाही. सगळ्या पेशंटचं काम पूर्ण होऊन आकडे गोठवल्यानंतरच कोड उघडतात, त्यामुळे तुमची शेवटची भेट आणि हे उत्तर यात बराच काळ जाऊ शकतो. तब्येत अचानक बिघडली तर मात्र तुमच्यापुरता कोड त्याच वेळी उघडता येतो. त्यासाठी ट्रायलचं कार्ड पाकिटात ठेवा आणि कुठल्याही कॅज्युअल्टीत गेलात तरी आधी ते दाखवा. शेवटी कोणता गट होता ते हवं असेल, तर संमतीपत्रावर सही करतानाच तसं लिहून घ्या आणि त्या कागदाची तुमची प्रत मागून घ्या. ती द्यावीच लागते.